मेकअप वाइप्स: पुसणं वेगळं, धुणं वेगळं

एकांकिका संपते, टाळ्या विरतात आणि पाच मिनिटांत रंगपट रिकामा करून द्यायचा असतो, कारण पुढचं कॉलेज सामानासकट दाराशी उभं असतं. आत वीस मुलं, बेसिन एक, आणि त्या बेसिनच्या नळाची धार करंगळीएवढी. गेली काही वर्षं मी कॉलेजच्या मुलांना रंगभूषेत मदत करते, त्यामुळे हे दृश्य मला पाठ झालंय. अशा वेळी कुणीतरी बॅगेतून वाइप्सचं पाकीट काढतं आणि ते प्रसादासारखं हातोहात फिरतं. मागे एकदा म्हाताऱ्याची भूमिका केलेल्या एका पोराने एका चेहऱ्यावर सात वाइप्स घासले. सातव्यानंतरही कानामागचा पॅनकेक, म्हणजे रंगमंचासाठीचा जाड रंग, जागच्या जागी, सुरकुत्यांच्या रेषा पसरून डोळ्यांभोवती राखाडी आणि गाल मात्र लालभडक. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर त्याच गालांचा फोटो आला, खाली एकच ओळ: "ताई, आग होतेय, काय करू?"

त्याला लिहिलेलं उत्तर लांबत गेलं, तेच इथे नीट मांडते आहे. नाटकवाल्यांसाठीच असं नाही. कुणी नुकतंच ऑफिसात लागलंय आणि रोज काजळ-लिपस्टिक लावतंय, कुणाच्या घरात लग्न आहे, कुणी नाच शिकतंय, सगळ्यांना उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. वाइप वाईट नाही. पण जेवलेलं ताट ओल्या फडक्याने पुसून आपण परत मांडणीत लावत नाही ना? तसंच हे आहे. वाइपने मेकअप पुसला जातो, चेहरा धुतला जात नाही. पाणी मिळेपर्यंतची सोय म्हणून तो उत्तम. पाणी समोर असताना आळस म्हणून वापरला, तर आठवड्याभरात त्वचा तक्रार करू लागते.

त्या ओल्या फडक्यात असतं काय

वाइपचे भाग दोन: कापड आणि द्रव. कापड विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत दाबून, अडकवून बनवलेलं असतं. तंतू कधी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसचे, कधी कापसाचे, आणि पुष्कळदा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे प्लास्टिकचे. हाताला मऊ लागलं म्हणून सुती असेल असं समजू नका.

द्रवात मुख्यतः पाणी. त्यात मेकअप सोडवणारी साबणासारखी द्रव्यं, म्हणजे सर्फॅक्टंट्स. काही वाइप्समध्ये थोडं तेल, बहुतेकांत सुगंध आणि सगळ्यांत परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. परिरक्षकाला नावं ठेवणारे बरेच भेटतात. पण ओलं कापड महिनोन्महिने बंद पाकिटात राहणार असेल तर परिरक्षकाशिवाय त्यावर बुरशी येईल. तो लागतोच.

अडचण वेगळीच आहे. फेसवॉशमधलेही सर्फॅक्टंट कमी-जास्त कडक असतात, पण ते पाण्याबरोबर वाहून जातात. वाइपमधले चेहऱ्यावरच राहतात आणि रात्रभर काम करत बसतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. त्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि तोच आतला ओलावा धरून ठेवतो. सर्फॅक्टंट त्या थरालाही सोडवतात, कारण मेकअपचं तेल कोणतं आणि त्वचेचं कोणतं हे त्यांना कळत नाही. वाइपनंतर चेहरा ताणल्यासारखा किंवा चिकट वाटतो तो यामुळे. पुष्कळजण त्या ताणाला 'स्वच्छ झालं' असं समजतात!

वाइप खरोखर कामाला येतो ते प्रसंग

रंगपटाचा सांगितलाच. रात्रीच्या एसटीने किंवा रेल्वेने लग्नाहून परत येताना, ट्रेकच्या मुक्कामी सनस्क्रीन आणि धूळ काढायला, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात. आजारी माणसाला उठून बेसिनपर्यंत जाणं जमत नसेल तेव्हा. मेकअप करताना आयलायनरची शेपटी वाकडी गेली किंवा लिपस्टिक दाताला लागली तर दुरुस्तीला वाइपचा कोपरा झकास. हातावर लिपस्टिकच्या छटा लावून पाहिल्यावर पुसायलाही.

आणि एक प्रसंग प्रामाणिकपणे मान्य करते: रात्री दीड वाजता घरी आलात, अंगात त्राण नाही, आणि मेकअपसकट झोपणं किंवा वाइप फिरवून झोपणं असे दोनच पर्याय उरलेत. तेव्हा वाइप घ्या. रात्रभर डोळ्यांत राहिलेला मस्कारा आणि काजळ पापण्यांच्या कडेला जाऊन बसतं, आणि तिथेच डोळ्यांना वंगण देणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींची तोंडं असतात. फक्त 'आजच्या दिवस' हा रोजचा दिवस होऊ देऊ नका.

विकत घेताना पाकीट उलटं करा

पुढच्या बाजूला फुलं, कोरफड आणि पाण्याचे थेंब असतात. वाचायची असते मागची बाजू. घटक जास्तीकडून कमीकडे अशा क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून पुढे मोठ्या अक्षरांत 'गुलाब' असेल आणि मागे गुलाब अगदी शेवटी सापडत असेल, तर काय ते समजून घ्या.

तीन गोष्टी पाहा. पहिली, अल्कोहोल. 'अल्कोहोल डिनॅट' किंवा नुसतं 'अल्कोहोल' यादीत वरच्या चार-पाच नावांत असेल तर ठेवून द्या. ते उडून जाताना त्वचा कोरडी करतं आणि डोळ्यांजवळ झोंबतं. पण 'सेटिल अल्कोहोल' किंवा 'सिटिअरिल अल्कोहोल' पाहून घाबरू नका. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे मऊ पदार्थ असतात आणि ते त्वचा कोरडी करत नाहीत. या नामसाधर्म्यामुळे चांगली पाकिटं परत ठेवणारे लोक मी दुकानात पाहिले आहेत.

दुसरी, 'मिथाइलआयसोथायझोलिनोन'. नाव जिभेला पेलत नाही, पण ते ओळखून ठेवा. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साठी 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून याच परिरक्षकाची निवड केली होती, आणि त्याची ॲलर्जी होण्याचं एक मोठं कारण ओले वाइप्स हेच होतं. युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांमध्ये ते वापरायला बंदी केली. धुऊन टाकायच्या उत्पादनांत अगदी अल्प प्रमाणात चालतं. वाइप धुतला जात नाही, म्हणून तो नेमका नको त्या गटात बसतो.

तिसरी, सुगंध. यादीत तो 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' म्हणून येतो. ज्यांना अत्तर, उदबत्ती, पावडर कशाचाच त्रास नाही त्यांनी फार विचार करू नये. ज्यांची त्वचा पटकन लाल होते त्यांनी बिनवासाचा घ्यावा.

नवीन पाकीट आणलं की पहिला प्रयोग चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रोज एकदा असा तीन-चार दिवस फिरवून पाहा, धुऊ नका. खाज, पुरळ आलं नाही तर पुढे जा. समारंभाच्या आदल्या दिवशी नवीन ब्रँड उघडणं म्हणजे निमंत्रण देऊन संकट बोलावणं.

आणि लहान पाकीट घ्या. दहाचं परवडत नाही म्हणून पन्नासचं घेतात, झाकणाची चिकटपट्टी आठवड्यात सैल होते आणि खालचे तीस वाइप्स पापडासारखे वाळतात. वाळलेल्या वाइपवर नळाचं पाणी शिंपडून तो 'जिवंत' करू नका. परिरक्षक पातळ होतो आणि वर नळातले जंतू आत जातात. पाकीट पालथं ठेवलं की द्रव वरच्या वाइपपर्यंत उतरून राहतो. ही एवढी युक्ती मात्र लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष हात चालवू

१. हात धुवा. पाणी नसेल तर निदान एक वाइप हातांसाठी खर्च करा. लोकलच्या दांड्याला धरलेला हात तसाच डोळ्याला लावायचा नसतो.

२. काँटॅक्ट लेन्स आधी काढा, मग मेकअप. लावतानाही तोच क्रम: आधी लेन्स, मग मेकअप. नथ, झुमके, गजरा उतरवा, केस मागे बांधा.

३. टिकली काढा आणि तिच्याखालचा गोंदही पुसा. ही पायरी मला वेगळी लिहावीशी वाटते. टिकलीच्या काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असतं. रोज त्याच जागी राहिल्याने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. तिथे खाज सुटू लागली किंवा रंग फिका दिसू लागला की टिकली बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

४. वाइपची चौपदरी घडी घाला. घडीमुळे आठ स्वच्छ बाजू मिळतात. उलगडून, चुरगाळून चेहऱ्यावर फिरवला तर डाव्या गालावरचं काजळ उजव्या गालावर जातं, एवढंच.

५. सुरुवात डोळ्यांपासून, कारण वाइप सगळ्यात स्वच्छ आता आहे. त्याआधी पाकिटावर 'डोळ्यांसाठी चालेल' असं लिहिलंय ना ते पाहा. डोळा मिटा, घडी पापणीवर नुसती ठेवा आणि मनात वीसपर्यंत मोजा. घासू नका, ठेवा. या वीस सेकंदांत द्रव मस्काऱ्यात मुरतो. मग हलक्या हाताने वरून खाली ओढून घ्या. दुसऱ्या डोळ्याला घडीची दुसरी बाजू. निघालं नाही तर परत ठेवा, परत वीस मोजा. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावलेलं काजळ वाइपने उकरायला जाऊ नका, ते डोळ्यांतून पाण्याबरोबर येत राहतं आणि बाहेर आलेलं टिपून घ्यायचं असतं.

वॉटरप्रूफ मस्कारा आणि 'चोवीस तास टिकणारं' काजळ पाण्याला दाद देऊ नये म्हणूनच मेण, सिलिकोन आणि पातळ थर धरणारे पदार्थ घालून बनवलेलं असतं. पाणचट वाइपने ते निघत नाही आणि आपण जोर वाढवत जातो. डोळ्यांभोवतीची त्वचा शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचांपैकी आहे. आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला घासलेलं विसरता येत नाही: जिथे जळजळ झाली तिथे नंतर काळपट डाग राहतो. अंग घासायच्या नायलॉनच्या जाळीने गळ्याखालच्या हाडांवर काळे पट्टे आलेले तुम्ही पाहिले असतील, तेच वर्तुळ डोळ्यांखाली कशाला हवं? दोन प्रयत्नांत निघालं नाही की वाइप बाजूला ठेवा आणि तेलाकडे वळा. ते खाली सांगते.

६. ओठ. मॅट लिक्विड लिपस्टिक असेल तर आधी ओठांना व्हॅसलीन किंवा तूप चोळा, मिनिटभर थांबा, मग कोपऱ्यांकडून मध्याकडे पुसा. बाहेरच्या दिशेने पुसलं की लाल रंग हनुवटीभर होतो.

७. आता गाल, कपाळ, नाक. नवी बाजू, पुन्हा ठेवणं आणि मग पुसणं. नाकपुड्यांच्या बाजूची खाच, भुवया, केसांची कड, कानांच्या पाळ्या, जबड्याखालचा भाग आणि मान: फाउंडेशन इथेच राहतं आणि पुळ्याही इथेच येतात. साध्या मेकअपला दोन वाइप्स पुरे. तिसरा लागतोय असं वाटलं तर चूक मेकअपच्या प्रकारात आहे, वाइपच्या संख्येत नाही.

८. धुवा. हीच ती पायरी, जी पाकिटावर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. कोमट किंवा साधं पाणी, सौम्य फेसवॉश, बोटांनी अर्धा-पाऊण मिनिट. अंगाचा साबण नको, बहुतेक साबणवड्यांचा पीएच ९-१० च्या घरात जातो. टॉवेलने टिपा आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

पाणी खरंच नसेल तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओता आणि वाइपनंतर दोनदा तो रुमाल फिरवा. पूर्ण धुतल्याची सर नाही, पण राहिलेला द्रव बराच निघतो. घरी पोचल्यावर नीट धुवा.

तेल, आणि मिशीवाल्यांची गोष्ट

नाटकवाल्यांकडे वाइप्सच्या कितीतरी आधीपासून खोबरेल होतं. ते अजूनही हरलेलं नाही. तेलात तेल विरघळतं, हे साधं रसायनशास्त्र त्यामागे आहे, म्हणूनच पॅनस्टिक (कांडीच्या रूपातला जाड रंग), वॉटरप्रूफ काजळ, जाड फाउंडेशन यांच्यावर ते वाइपपेक्षा चांगलं चालतं. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हाताने अर्धा चमचा तेल मिनिटभर फिरवा. चेहऱ्यावर चिखल झाला की मऊ सुती कापडाने टिपा, मग फेसवॉश. थंडीत नाशिक-नागपूरकडे बाटली दगड होते, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. बाटली मुठीत धरून ठेवा, पुरे होतं.

ज्यांना मुरुम येतात त्यांनी खोबरेल टाळावं, त्याने रंध्रं बुजतात. त्यांच्यासाठी पाण्याबरोबर दुधाळ होऊन निघून जाणारं क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर बरं. मायसेलर वॉटर म्हणजे पाण्यात सर्फॅक्टंटचे अतिसूक्ष्म गोळे. कापसाच्या पॅडवर भरपूर घ्या, म्हणजे घासावं लागत नाही. त्यावर 'धुवायची गरज नाही' असं लिहिलेलं असतं. मी तरी धुते.

दाढी-मिशा लावणाऱ्यांसाठी एक ताकीद. स्पिरिट गमला, म्हणजे दाढी-मिशा चिकटवायच्या डिंकाला, वाइप काहीही करत नाही. तो ओढून काढताना ओठांवरची साल निघालेली मी दोनदा पाहिली आहे. त्याचा रिमूव्हर वेगळा मिळतो, तो ब्रशने कडेवरून आत सोडायचा, धीर धरायचा. रिमूव्हर विसरलात तर तेल लावून बसून राहायचं आणि पुढच्या कॉलेजच्या शिव्या खायच्या. कृत्रिम पापण्यांच्या गोंदालाही तेल सोडवतं, म्हणून पार्लरमधून आठवड्यांसाठी बसवून घेतलेल्या पापण्यांना तेलही नको आणि तंतू अडकवणारा वाइपही नको.

यांनी वाइपपासून लांब राहावं

ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल केलेल्या दिवशी कुणीही. मुरुमांवर ट्रेटिनॉइन, ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांनी, कारण त्यांची त्वचा आधीच सोललेली, नाजूक असते. एक्झिमा असलेल्यांनी. आणि बाळांच्या वाइप्सने मेकअप काढू नये. ते सौम्य असतात हे खरं, पण मेकअप सोडवण्यासाठी केलेले नसतात. मग जास्त घासावं लागतं.

गाल पेटलेच असतील तर, त्या पोराला सांगितलं तेच: साध्या पाण्याने धू, थंड ओलं कापड ठेव, बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव, चार दिवस दुसरं काही नको. कोरफडीचं पानही नको, लिंबू-हळद तर नकोच. सूज, फोड किंवा डोळा लाल असेल तर घरगुती उपचार न करता डॉक्टर गाठा.

वापरून झालेला वाइप

संडासात टाकू नका. पाकिटावर 'फ्लश करता येतो' लिहिलं असलं तरी. कागद पाण्यात विरतो, हे कापड विरत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात अडकलेला एक गोळा सापडला: सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा, चरबी आणि ओल्या वाइप्सचा. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून प्लास्टिक असलेल्या ओल्या वाइप्सच्या पाकिटावर कासवाचं चित्र आणि 'यात प्लास्टिक आहे' अशी सूचना सक्तीची केली. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत कान कोरायच्या प्लास्टिक काड्या आहेत, वाइप्स नाहीत. म्हणजे निवड आपल्यावर आहे. आमच्या सोसायटीचा चेंबर तुंबला तेव्हा प्लंबरने तारेला गुंडाळून जे बाहेर काढलं त्यात वाइप्स ओळखू येत होते, एकावर तर लिपस्टिकही होती. सगळ्या बायका एकमेकींच्या ओठांकडे पाहत होत्या.

तर सुक्या कचऱ्यात, कागदात गुंडाळून. आणि रोजच्या वापरासाठी हिशेब करा: दिवसाला दोन म्हणजे पंचवीसचं पाकीट दोन आठवडेही पुरत नाही. त्याऐवजी जुन्या मलमलीच्या साडीचे किंवा धोतराचे वीतभर चौकोन कापा, कडा दुमडून शिवा, बारा-पंधरा करून ठेवा. मेकअप काढायला तेल किंवा मायसेलर वॉटर आणि हे कापड. वापरलेलं त्याच दिवशी साबणाने धुवा, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घाला, उन्हात वाळवा. ओलं तसंच डब्यात कोंबलं तर ते वाइपपेक्षा घाण.

त्या पोराचे गाल चार दिवसांत शांत झाले. यंदा त्याच्या बॅगेत आजोबांच्या धोतराचे तुकडे असतात, एका जुन्या टिफिनच्या डब्यात. वाइप्सचं पाकीटही असतं, लहान, पालथं ठेवलेलं. ते तो सगळ्यांना देतो, मिशीवाल्यांना सोडून.